अंडाशयाचा कर्करोग : धोका कसा जोखावा, कसा कमी करावा आणि गाठीचा अहवाल कसा वाचावा

स्तनांची नियमित तपासणी करता येते, गर्भाशयमुखासाठी पॅप स्मिअर किंवा एचपीव्ही चाचणी आहे. परंतु निरोगी स्त्रीने दरवर्षी करून घ्यावी आणि अंडाशयाच्या कर्करोगाबाबत निश्चिंत व्हावे, अशी कोणतीही तपासणी आजवर सिद्ध झालेली नाही. पुढील सर्व विवेचन या एका वस्तुस्थितीवर उभे आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे ४७ हजार स्त्रियांना हा आजार नव्याने झाला आणि सुमारे ३३ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. मृत्यूंचे प्रमाण एवढे मोठे असण्यामागील मुख्य कारण हेच, की बहुतेक रुग्णांचे निदान तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात, म्हणजे आजार पोटाच्या पडद्यावर पसरल्यानंतर होते.

‘मग आपण दरवर्षी सीए-१२५ करून घेऊ’ असे अनेकींना वाटते, आणि तपासणीच्या तयार पॅकेजमध्ये ही रक्तचाचणी असते तेव्हा ते वाटणे स्वाभाविकही आहे. मात्र ब्रिटनमध्ये पाळी गेलेल्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांची नोंदणी २००१ ते २००५ या काळात करून, काहींना दरवर्षी सीए-१२५, काहींना दरवर्षी सोनोग्राफी आणि उरलेल्यांना नेहमीचीच आरोग्यसेवा अशा गटांत त्यांची पाहणी करण्यात आली. २०२१ साली जाहीर झालेल्या अंतिम निष्कर्षानुसार चाचण्या केलेल्या गटांत मृत्यू कमी झाले नाहीत. अमेरिकेतील अशाच एका मोठ्या पाहणीत, कर्करोग नसताना केवळ चाचणीवरून संशय आला म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे १५ टक्के स्त्रियांना गंभीर गुंतागुंतीला तोंड द्यावे लागले. सीए-१२५ हे प्रथिन एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढणे), फायब्रॉइड (गर्भाशयातील साध्या गाठी), ओटीपोटातील संसर्ग, यकृताचा आजार, गर्भारपण, इतकेच काय पण चालू पाळी यांमुळेही वाढते. आपल्याकडे पोटाच्या क्षयरोगात तर ते कर्करोगासारखेच शेकड्यांत जाते. उलट पहिल्या टप्प्यातील कर्करोग असलेल्या जवळजवळ निम्म्या स्त्रियांत ते ३५ या नेहमीच्या मर्यादेच्या आतच राहते. लक्षणे किंवा गाठ असताना ही चाचणी उपयोगी आहे, आणि उपचार सुरू झाल्यावर त्यांचा परिणाम मोजण्यासाठीही आहे. निरोगी स्त्रीसाठी ती उपयोगी नाही. त्यामुळे आपल्या हाती तीन कामे उरतात: स्वतःचा धोका जोखणे, तो कमी करण्याची संधी आली असता ती ओळखणे, आणि लक्षणे अंगावर न काढणे.

एका नावाखाली अनेक आजार

प्रतिबंधाचा विचार करण्यापूर्वी गाठींचे प्रकार समजून घेणे आवश्यक आहे, कारण जो उपाय एका प्रकारावर परिणामकारक ठरतो तो दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. अंडाशयात तीन तऱ्हांच्या पेशी असतात: बाहेरील आवरणाच्या, बीजे तयार करणाऱ्या, आणि संप्रेरके तयार करून अंडाशयाला आधार देणाऱ्या. यांपैकी आवरणपेशींच्या गटातील कर्करोग, ज्याला अहवालात ‘एपिथेलियल’ म्हटलेले असते, सुमारे ९० टक्के रुग्णांत आढळतो आणि तो मुख्यतः पन्नाशीच्या आसपास व त्यानंतर होतो.

या गटातही पाच मुख्य पोटप्रकार आहेत. सर्वांत अधिक आढळणारा आणि सर्वाधिक जीव घेणारा तो ‘हाय ग्रेड सिरस’. अंडाशयाच्या कर्करोगाचे बहुसंख्य रुग्ण या प्रकाराचे असतात, आणि गेल्या पंचवीस वर्षांतील सर्वांत महत्त्वाचा शोध याच प्रकाराविषयी आहे. आनुवंशिक धोका असलेल्या ज्या स्त्रियांनी प्रतिबंधक शस्त्रक्रिया करून घेतली, त्यांच्या काढलेल्या बीजवाहिन्यांचे, म्हणजे अंडाशयाकडून गर्भाशयाकडे जाणाऱ्या नळ्यांचे, बारीक काप तपासताना नेदरलँड्समधील तज्ज्ञांना २००१ च्या सुमारास असे दिसले, की कर्करोगाच्या दिशेने जाणारे बदल अंडाशयावर नसून बीजवाहिनीत आहेत. पुढे इतर ठिकाणच्या पाहण्यांत, ही पहिली खूण बहुधा नळीच्या अंडाशयाकडील झालरीसारख्या टोकाशी असते, असे दिसून आले. म्हणजे ज्याला आपण अंडाशयाचा कर्करोग म्हणतो, तो अनेकदा नळीत सुरू होऊन अंडाशयावर आणि पोटाच्या पडद्यावर सांडतो. दरवर्षीची सोनोग्राफी त्याला वेळेत का पकडू शकत नाही, हेही यावरून उमगते: नळीच्या टोकावरचा सूक्ष्म बदल सोनोग्राफीत दिसतच नाही, आणि तो दिसण्याइतका मोठा होईपर्यंत पेशी पसरलेल्या असतात.

‘लो ग्रेड सिरस’ हा नावाने जवळचा वाटला तरी वेगळाच आजार आहे. तो तुलनेने कमी वयात होतो, हळू वाढतो आणि केमोथेरपीला फारसा दाद देत नाही. ‘एंडोमेट्रिऑइड’ आणि ‘क्लिअर सेल’ या दोन प्रकारांचा संबंध एंडोमेट्रिओसिसशी, म्हणजे ज्या आजारात अंडाशयात ‘चॉकलेट सिस्ट’ होते त्याच्याशी आहे. चॉकलेट सिस्ट असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना कर्करोग कधीच होत नाही, हे येथे ठळकपणे सांगायला हवे. मात्र चाळिशीनंतर अशी सिस्ट वेगाने वाढू लागली किंवा तिच्यात घट्ट भाग दिसू लागला, तर ‘ती जुनीच आहे’ म्हणून सोडून देऊ नये. पाचवा प्रकार ‘म्युसिनस’. याच्या गाठी फार मोठ्या होतात आणि याचा संबंध धूम्रपानाशी आहे. अहवालात हा शब्द आला तर आतडे, अपेंडिक्स आणि जठर तपासले आहे का, असे अवश्य विचारावे, कारण तेथील कर्करोग अंडाशयात उतरून हुबेहूब असाच दिसू शकतो. जठरातून किंवा आतड्यातून दोन्ही अंडाशयांत पसरलेल्या एका विशिष्ट गाठीला ‘क्रुकेनबर्ग’ असे नाव आहे, आणि तिचे उपचार मूळ आजाराप्रमाणे ठरतात. ‘बॉर्डरलाइन’ असा शेरा असल्यास घाबरून जाऊ नये: या पेशी अस्वाभाविक दिसतात पण आतील ऊतींत घुसत नाहीत, आणि बहुतेकींना शस्त्रक्रियेपलीकडे काही लागत नाही.

बीजपेशींच्या गाठी मात्र मुलींच्या आणि तरुण स्त्रियांच्या आहेत. दहा ते तीस वर्षे वयात पोटात वेगाने वाढणारी घट्ट गाठ आढळली तर डिसजर्मिनोमा, योक सॅक ट्यूमर किंवा इमॅच्युअर टेराटोमा यांचा विचार करावा लागतो. अशा वेळी शस्त्रक्रियेपूर्वी एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच या तीन रक्तचाचण्या झालेल्या असाव्यात, कारण एकट्या सीए-१२५ वरून येथे काहीच ठरत नाही. या गाठी केमोथेरपीला उत्तम प्रतिसाद देतात, बहुसंख्य मुली पूर्ण बऱ्या होतात आणि सहसा दुसरे अंडाशय व गर्भाशय राखता येते. म्हणून अविवाहित मुलीचे ‘सगळेच काढून टाकू’ असा सल्ला कोणी घाईने दिला, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नये. ज्या गाठीत केस, चरबी आणि कधी दातही सापडतात ती ‘डर्मॉइड सिस्ट’ याच पेशींची, पण जवळजवळ नेहमीच निरुपद्रवी असते.

तिसऱ्या गटातील ग्रॅन्युलोसा सेल ट्यूमर इस्ट्रोजेन बनवतो, त्यामुळे पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव होणे हे त्याचे पहिले लक्षण असू शकते. तो अनेक वर्षांनीही उलटू शकतो, म्हणून त्याचा पाठपुरावा दीर्घकाळ करावा लागतो. सर्टोली-लायडिग नावाची दुर्मीळ गाठ पुरुषी संप्रेरके बनवते, आणि पाळी थांबणे, चेहऱ्यावर केस वाढणे, आवाज घोगरा होणे असे बदल काही महिन्यांतच घडतात. पीसीओडीमध्येही केस वाढतात, परंतु ते सावकाश, वर्षानुवर्षे. आणि पीसीओडीतील त्या बारीक बारीक सिस्ट म्हणजे कर्करोगाची पूर्वावस्था नव्हे.

घराण्याचा तक्ता तयार करणे

भारतीय स्त्रीला आयुष्यात हा कर्करोग होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे शंभरात एकीपेक्षाही कमी आहे. वय सोडल्यास ती शक्यता सर्वांत अधिक वाढवणारी गोष्ट म्हणजे जन्मतः मिळालेला जनुकीय बदल. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, बीआरसीए-१ या जनुकात दोष असलेल्या स्त्रियांना ८० वर्षांच्या वयापर्यंत अंडाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के आणि बीआरसीए-२ मध्ये दोष असल्यास सुमारे १७ टक्के आढळली. स्तनांच्या कर्करोगाचा धोका तर दोन्हींत याहून बराच जास्त असतो. आतड्याचा व गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग घराण्यात वारंवार आढळणारा ‘लिंच सिंड्रोम’, तसेच आरएडी-५१सी, आरएडी-५१डी आणि बीआरआयपी-१ ही जनुकेही या यादीत येतात.

दवाखान्यात ‘घरात कोणाला कर्करोग होता का?’ असे विचारले जाते, तेव्हा आपल्याकडील विवाहित स्त्री बहुधा सासरच्या माणसांचा विचार करून उत्तर देते. घर म्हणजे तिच्यासाठी ते. सासूबाईंना झालेल्या कर्करोगाचा तिच्या स्वतःच्या धोक्याशी काहीही संबंध नसतो (तिच्या मुलांच्या धोक्याशी मात्र असतो), आणि माहेरी आत्याला झालेला कर्करोग सांगायचा राहून जातो. म्हणून हा तक्ता कागदावर करावा आणि माहेराच्या दोन्ही बाजू, म्हणजे आईचे घराणे व वडिलांचे घराणे, वेगवेगळ्या मांडाव्यात. वडिलांची बाजू हमखास विसरली जाते, कारण पुरुषांना अंडाशय नसतात आणि दोष त्यांच्यात गुपचूप राहतो. परंतु तो मुलीकडे जाण्याची शक्यता आईकडून असो वा वडिलांकडून, सारखीच, म्हणजे निम्मी असते.

तक्त्यात आई, बहिणी, मुली, दोन्हीकडच्या आज्या, मावश्या, आत्या, काका-मामा आणि चुलत, आते, मामे व मावस भावंडे यांची नोंद करावी. प्रत्येकापुढे कर्करोग कोणत्या अवयवाचा आणि कितव्या वर्षी झाला ते लिहावे. केवळ अंडाशयाकडे पाहू नये. पन्नाशीच्या आत झालेला स्तनाचा कर्करोग, पुरुषाला झालेला स्तनाचा कर्करोग, स्वादुपिंडाचा, कमी वयात पसरलेला प्रोस्टेटचा, तसेच आतड्याचा व गर्भाशयाचा कर्करोग, हे सर्व अर्थपूर्ण आहेत. जुन्या पिढीतील मृत्यूंचे निदान बहुधा झालेलेच नसते. ‘पोटात पाणी होऊन गेली’, ‘पोटात गोळा होता’, ‘जलोदर झाला’ एवढेच ऐकायला मिळते. पाणी होण्याची कारणे यकृताचा विकार, क्षयरोग अशी अनेक असतात, म्हणून असा मृत्यू प्रश्नचिन्हासह नोंदवावा, पण वगळू नये. गोव्यातील कुटुंबांना यासाठी एक चांगली सोय आहे. चतुर्थीला मूळ घरी सगळी मंडळी जमतात, आखातातून आणि परदेशातून आलेलीही असतात, आणि ज्यांना जुन्या गोष्टी आठवतात अशा वयस्क स्त्रिया तेथे एकत्र भेटतात. सणाच्या दिवशी आजाराचा विषय नको असे कोणाला वाटेल; तसे असल्यास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, स्वयंपाकघरात निवांत बसल्यावर विचारावे.

तक्त्यात सख्ख्या किंवा त्याच बाजूच्या जवळच्या नात्यातील एका जरी स्त्रीला अंडाशयाचा कर्करोग झालेला असेल, किंवा एकाच बाजूला वर सांगितलेले दोन-तीन कर्करोग असतील, तर जनुकीय समुपदेशनाचा विचार करावा. चाचणी शक्यतो प्रथम ज्या व्यक्तीला आजार झाला आहे तिचीच करावी. तिच्यात दोष सापडला तर बाकीच्यांना तोच नेमका दोष आहे की नाही एवढेच पाहावे लागते, आणि तेव्हा ‘नाही’ या उत्तराला पूर्ण अर्थ असतो. आजारी व्यक्तीची चाचणी न करता निरोगी बहिणीची केली आणि ती निर्दोष आली, तर घराण्यात दोषच नाही की हिला तेवढा मिळाला नाही, हे कळत नाही. कधी अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ अशा स्वरूपाचा बदल दाखवलेला असतो. केवळ त्यावरून कोणतीही शस्त्रक्रिया करू नये.

बाकीची कारणे

ज्या काळात दर महिन्याला बीज बाहेर पडते तो काळ जितका लांब, तितका धोका थोडा वाढतो. म्हणून पाळी लवकर येणे, उशिरा जाणे आणि एकही गर्भधारणा न होणे यांचा परिणाम होतो, तर गर्भधारणा व स्तनपान यांमुळे तो घटतो. हा लोकसंख्येच्या पातळीवर दिसणारा लहानसा फरक आहे. मूल नसलेल्या स्त्रीला टोमणा मारण्यासाठी किंवा तिने स्वतःला दोष देण्यासाठी त्याचा वापर व्हावा, असे त्यात काही नाही. पाळी गेल्यानंतर संप्रेरकांच्या गोळ्या घेतल्याने धोका किंचित वाढतो, लठ्ठपणानेही वाढतो. टाल्कम पावडरविषयी बराच वाद झाला आहे: आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ साली टाल्कला ‘संभाव्यतः कर्करोगजनक’ या गटात ठेवले. पुरावा निर्णायक नाही, परंतु जननेंद्रियांभोवती पावडर वापरण्याचा आरोग्याला काही फायदाही नाही, त्यामुळे ती सवय सोडणे सोपे आहे. आहारातील एखाद्या पदार्थाने, काढ्याने किंवा ‘शरीरशुद्धी’ने हा कर्करोग टळतो याला कोणताही आधार नाही, आणि एचपीव्ही लस अवश्य घ्यावी, पण ती गर्भाशयमुखासाठी आहे, अंडाशयासाठी नाही.

धोका खरोखर कमी करणारे उपाय

सर्वसाधारण धोका असलेल्या स्त्रीसाठी सर्वांत भक्कम पुरावा गर्भनिरोधक गोळ्यांबाबत आहे. २१ देशांतील ४५ अभ्यासांची माहिती एकत्र करून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, गोळ्या घेतलेल्या दर पाच वर्षांमागे धोका सुमारे एक पंचमांशाने कमी होतो आणि गोळ्या बंद केल्यावरही हा लाभ तीस वर्षांहून अधिक काळ काही प्रमाणात टिकतो, असे आढळले. तरीही केवळ कर्करोग टाळण्यासाठी औषधांच्या दुकानातून त्या आपल्या मनाने घेऊ नयेत. पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या, पूर्वी रक्ताची गुठळी झालेल्या, रक्तदाब वाढलेला असलेल्या किंवा डोळ्यांसमोर चमकणाऱ्या रेषा येऊन अर्धशिशी होणाऱ्या स्त्रियांना त्या घातक ठरू शकतात, आणि त्या चालू असताना स्तनांच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढतो. गर्भनिरोधनासाठी गोळी घ्यायचीच आहे, तर हा तिचा एक अधिकचा लाभ, असे समजावे.

दुसरा उपाय मला आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित वाटतो. आजार नळीच्या टोकाशी सुरू होतो हे कळल्यावर, दुसऱ्या कारणासाठी पोटाची शस्त्रक्रिया होत असतानाच दोन्ही बीजवाहिन्या पूर्ण काढून टाकाव्यात आणि अंडाशये तशीच ठेवावीत, असा विचार पुढे आला. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१० पासून स्त्रीरोगतज्ज्ञांना तसे आवाहन करण्यात आले आणि तेथील पुढील नोंदी आशादायक आहेत. मूल नको असलेल्या स्त्रीची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया आपल्याकडे सर्रास होते. तिच्यात नेहमी नळीचा लहान तुकडा काढतात किंवा नळी बांधतात. एवढ्यानेही धोका सुमारे पाव हिश्शाने कमी होतो, परंतु झालरीचे टोक मागे राहते. म्हणून सिझेरियनच्या वेळी नसबंदी ठरली असेल किंवा फायब्रॉइडमुळे गर्भाशयाची पिशवी काढायची असेल, तर शस्त्रक्रियेच्या आधीच्या भेटीत एक प्रश्न विचारावा: ‘डॉक्टर, नळ्या पूर्ण काढता येतील का?’ ऑपरेशन टेबलवर गेल्यावर हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. संमतीपत्रात तसे लिहिलेले असावे, आणि हा निर्णय कायमचा आहे, नंतर नळ्या जोडता येत नाहीत, हे पतिपत्नी दोघांनाही स्पष्ट असावे.

यात एक सावधगिरी आहे. पाळी चालू असलेल्या, आनुवंशिक धोका नसलेल्या स्त्रीची पिशवी काढताना ‘पुढे कर्करोग नको’ म्हणून निरोगी अंडाशयेही काढून टाकण्याची प्रथा अजून पूर्णपणे गेलेली नाही. त्याने अंडाशयाचा धोका घटतो हे खरे, परंतु अकाली पाळी जाऊन हाडे ठिसूळ होणे आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो, आणि सर्वसाधारण स्त्रीसाठी हा व्यवहार तोट्याचा आहे. याउलट, केवळ पिशवी काढलेली असताना ‘माझे सगळे काढले आहे’ अशी समजूत असणाऱ्या अनेक स्त्रिया असतात. अंडाशये ठेवली होती की काढली, हे जुन्या डिस्चार्ज कार्डावरून एकदा तपासून पाहावे.

बीआरसीए दोष असलेल्या स्त्रीसाठी मात्र हिशेब उलटा आहे. तिला अपत्ये झाल्यानंतर, बीआरसीए-१ असल्यास ३५ ते ४० आणि बीआरसीए-२ असल्यास ४० ते ४५ या वयात दोन्ही अंडाशये व बीजवाहिन्या काढण्याचा सल्ला दिला जातो, आणि त्यामुळे धोका सुमारे ८० टक्के किंवा त्याहून अधिक घटतो. पोटाच्या पडद्याचा कर्करोग होण्याची थोडी शक्यता त्यानंतरही उरते, आणि नळ्या आधी काढून अंडाशये नंतर काढण्याचा पर्याय अद्याप चाचण्यांच्या पातळीवर आहे. काढलेल्या नळ्या पूर्णपणे, बारीक काप करून तपासाव्यात असे शल्यचिकित्सकाकडून पॅथॉलॉजी विभागाला लेखी कळवलेले असावे, कारण अशा वेळी काहींमध्ये न दिसणारा सूक्ष्म कर्करोग सापडतो. अचानक पाळी गेल्याने अंगाची लाही होणे, झोप उडणे, योनीमार्ग कोरडा पडणे हे त्रास होतात. स्तनांचा कर्करोग झालेला नसल्यास नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत संप्रेरके घेता येतात, आणि याची चर्चा शस्त्रक्रियेपूर्वी व्हायला हवी.

लक्षणे आणि पुढची वाट

पोट फुगणे, थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे होणे, ओटीपोटात दुखणे आणि वारंवार किंवा घाईने लघवीला लागणे, ही चार लक्षणे. यांत विशेष असे काहीच नाही आणि घोटाळा तेथेच होतो. ‘गॅस झाला आहे’ म्हणून ओवा, सोडा, आम्लपित्ताच्या गोळ्या यांत महिने निघून जातात. लक्षण नवे आहे का, गेल्या काही महिन्यांत सुरू झाले आहे का, आणि महिन्यातून बारापेक्षा अधिक दिवस जाणवते का, हे पाहावे. कॅलेंडरवर खूण करत गेल्यास चार आठवड्यांत उत्तर मिळते. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेल्या पोटाच्या तक्रारीला पित्त किंवा आतड्याची संवेदनशीलता असे नाव देण्यापूर्वी ओटीपोटाची सोनोग्राफी व्हायलाच हवी. एंडोस्कोपी निर्दोष आल्यावर अनेक जणी निश्चिंत होतात, पण एंडोस्कोपीत अंडाशये दिसत नाहीत.

सोनोग्राफीत सिस्ट आढळली तरी लगेच धास्ती घेऊ नये. पाळी चालू असताना पाच सेंटिमीटरपेक्षा लहान, पातळ आवरणाची, केवळ पाण्याने भरलेली सिस्ट बहुधा दोन-तीन पाळ्यांत जिरते. अहवालात ‘कॉम्प्लेक्स’, ‘सॉलिड कॉम्पोनंट’ (घट्ट भाग), ‘सेप्टा’ (कप्पे पाडणारे पडदे) किंवा ‘असायटिस’ (पोटात पाणी) असे शब्द असतील, तर धोक्याचे गुणांकन करता येते. अनेक कप्पे, घट्ट भाग, दोन्ही बाजूंना गाठी, पोटात पाणी आणि इतरत्र पसरल्याच्या खुणा या पाच गोष्टींपैकी एकही नसेल तर शून्य, एक असेल तर १ आणि दोन किंवा अधिक असतील तर ३ गुण. पाळी चालू असल्यास १ आणि गेलेली असल्यास ३. या दोन्हींचा सीए-१२५ च्या आकड्याशी गुणाकार करायचा. पाळी गेलेल्या स्त्रीच्या गाठीत दोन खुणा असतील आणि सीए-१२५ केवळ ६० असेल, तरी ३ गुणिले ३ गुणिले ६० म्हणजे ५४० होतात. उत्तर २०० च्या वर असल्यास शस्त्रक्रिया स्त्रीरोग-कर्करोगतज्ज्ञाकडेच व्हावी.

हा आग्रह धरण्याचे कारण असे की पहिली शस्त्रक्रिया नीट झाली की नाही यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. अंडाशयापुरत्या मर्यादित दिसणाऱ्या संशयास्पद गाठीत सुई घालून पाणी काढू नये, आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत ती फोडून तुकड्यांनी बाहेर काढू नये. गाठ फुटली की पहिल्या टप्प्याचा आजारही त्याच टप्प्यातील वरच्या पायरीवर जातो. पोटात आधीच पाणी झालेल्या, पसरलेल्या आजारात पाणी काढून तपासणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि तेथे क्षयरोग आहे का हेही पाहावे.

गोव्यातील सत्तरी, पेडणे, डिचोली किंवा काणकोणच्या स्त्रीने सुरुवात जवळच्या आरोग्य केंद्रातून करावी. म्हापसा व मडगाव येथील जिल्हा इस्पितळांत सोनोग्राफी होऊ शकते, आणि संशय असल्यास बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालय इस्पितळात) जाण्यासाठी चिठ्ठी मागून घ्यावी. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्यविमा योजनेचे कार्ड सोबत असावे, मात्र कोणती चाचणी आणि कोणते इस्पितळ त्यात बसते हे दाखल होण्यापूर्वी विचारावे; जनुकीय चाचणीबाबत तर स्वतंत्रपणे विचारावे. मुंबईला परळच्या टाटा मेमोरियलमध्ये दुसरे मत घ्यायचे असल्यास केवळ कागदी अहवाल पुरत नाही. गोव्यात झालेल्या बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणातील ब्लॉक पॅथॉलॉजी विभागाकडून लेखी अर्ज करून मिळवावेत, आणि सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनची सीडी बरोबर न्यावी.

निदान झालेच, तर अहवालात गाठीचा प्रकार, ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात), टप्पा, गाठीचे आवरण अखंड होते की फुटले आणि पोटातील पाण्यात पेशी होत्या का, या पाच गोष्टी शोधाव्यात. त्यांपैकी एखादी लिहिलेली नसेल तर विचारावी. आवरणपेशींचा कर्करोग झालेल्या प्रत्येक स्त्रीची, घराण्यात दुसरे कोणी आजारी नसले तरी, बीआरसीए चाचणी व्हायला हवी. तिच्या उपचारात पार्प प्रतिबंधक गोळ्यांचा (कर्करोगपेशींना आपल्या डीएनएची दुरुस्ती करू न देणाऱ्या औषधांचा) उपयोग होईल का हे त्यावरून समजते, आणि दोष आढळल्यास बहिणी, मुली, भाचे-भाच्या यांना वेळीच सांगता येते. ही गोष्ट मुलीच्या लग्नात अडथळा येईल म्हणून लपवली जाते. तो निर्णय आईने एकटीने घेऊ नये. मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत तिची चाचणी करू नये, आणि त्यानंतर तिला कागद दाखवून, समुपदेशकाची भेट घडवून, चाचणी करायची की नाही आणि कधी, हे तिलाच ठरवू द्यावे.